दातात दडलेला प्लेग

लंडनच्या टॉवरजवळ, जुन्या सरकारी टांकसाळीच्या आवारात, १९८६ ते १९८८ या काळात पुरातत्त्व खात्याच्या माणसांनी एक दफनभूमी उकरून काढली. जागेचे नाव ईस्ट स्मिथफील्ड. १३४८ साली प्लेग इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा शहरातली नेहमीची दफनभूमी पुरणार नाही हे ओळखून ही जमीन मुद्दाम राखून ठेवण्यात आली होती. काही मृतदेह नीट वेगवेगळ्या खड्ड्यांत होते, तर काही लांबच लांब चरांत, एकावर एक, पाच-पाच थरांत रचलेले. सातशेहून अधिक सांगाडे निघाले. त्या साथीत युरोपातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसे गेली असा अंदाज आहे. इतिहासात तिला ‘काळा मृत्यू’ म्हणतात.

ही माणसे साथीत गेली हे दफनाच्या नोंदींवरून कळत होते. कुठल्या रोगाने गेली, हे मात्र सांगाड्यांकडे पाहून सांगता येत नव्हते. क्षयाने पाठीचा मणका वाकतो, कुष्ठरोगात हातापायाच्या बोटांची हाडे झिजतात. जुन्या हाडांवर या खुणा ओळखता येतात. प्लेगला तेवढी सवड नसते. काखेत किंवा जांघेत गाठ, सणसणून ताप, भ्रम आणि पुढच्या काही दिवसांत शेवट. हाडापर्यंत बातमी पोहोचायच्या आत माणूस संपतो.

म्हणूनच विसाव्या शतकाच्या अखेरीस काही अभ्यासकांनी उघड शंका घेतली, की काळा मृत्यू हा मुळात प्लेग होता तरी का? या शंकेला आधार मिळाला तो भारतातल्या नोंदींचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढे देशभर पसरला आणि एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेला. त्या काळात इथल्या संशोधकांनी उंदीर, पिसवा, गाठी, मृत्यू यांच्या ज्या बारीक नोंदी केल्या, तशा त्याआधी जगात कुठे झाल्या नव्हत्या. त्यांत दिसते, की आधी उंदीर मरतात, मग काही दिवसांनी माणसे आजारी पडतात, आणि साथ एका गावातून दुसऱ्या गावात रेंगाळत जाते. काळ्या मृत्यूने मात्र पाच-सहा वर्षांत युरोपचा बहुतेक भाग पालथा घातला, आणि मेलेल्या उंदरांचा उल्लेख त्या काळच्या लिखाणात जवळजवळ नाही. मग हा इबोलासारखा रक्तस्रावी तापाचा एखादा विषाणू असेल, असे गंभीरपणे मांडले गेले.

डॉक्टरांच्या दृष्टीने हा नुसता इतिहासाचा वाद नव्हता. मारेकरी प्लेगचा जंतू असेल, तर त्याच्यावर आज औषध आहे. तो कुणी अनोळखी विषाणू असेल, तर निम्मा युरोप गिळणारा रोग अजून आपल्या पुस्तकांत नाही आणि तो कुठे दबा धरून बसला आहे हेही ठाऊक नाही, असा त्याचा अर्थ झाला असता.

उत्तर मिळाले ते दातांत.

प्लेगचा रोगी मरतो तेव्हा बहुतेक वेळा जंतू गाठीतून सुटून रक्तात पसरलेला असतो. ते रक्त शरीरभर जाते तसे दाताच्या आतल्या पोकळीतही जाते. या पोकळीत एरवी नाजूक गर, बारीक रक्तवाहिन्या आणि नस असते. किडलेला दात ठणकतो तो इथेच. माणूस गेला की गर वाळतो, आणि त्यातले रक्त, त्यातल्या जंतूंसह, पोकळीच्या भिंतीला चिकटून राहते. बाहेरून डेंटीन आणि एनॅमल यांचे कवच. एनॅमलइतके कठीण शरीरात दुसरे काही नाही. दात ही एक छोटीशी बंद डबीच असते, आणि त्यात मृत्यूच्या दिवशीच्या रक्ताचा नमुना आपोआप साठवला जातो.

तो नमुना चांगल्या अवस्थेत असतो असे मात्र नाही. जिवंत पेशीत डीएनएची सतत डागडुजी चालू असते. प्राण गेला की ती थांबते. आधी शरीरातलीच पाचक द्रव्ये त्याचे तुकडे करतात, मग मातीतले जंतू येतात, पुढे शतकानुशतके पाणी आणि उष्णता आपले काम करतात. हा वेग मोजण्याचा एक चांगला प्रयत्न न्यूझीलंडच्या मोआ या नामशेष झालेल्या, न उडणाऱ्या प्रचंड पक्ष्यावर झाला. त्याच्या १५८ हाडांच्या तपासणीवरून २०१२ साली असा हिशेब निघाला, की तिथल्या सरासरी १३ अंश तापमानात, तपासलेल्या लांबीचे डीएनएचे तुकडे दर ५२१ वर्षांनी निम्मे होतात. कायम गोठलेल्या जमिनीत हाच काळ कितीतरी लांबतो. सायबेरियातल्या मॅमथच्या दातांतून दहा लाख वर्षांहून जुना डीएनए वाचता आला आहे. गरम, दमट मातीत तो काही शतकांतही संपतो.

ईस्ट स्मिथफील्डच्या दातांत जे उरले होते ते सरासरी पंचावन्न अक्षरांचे तुकडे. प्लेगच्या जंतूचा पूर्ण मजकूर साधारण ४६ लाख अक्षरांचा. एखाद्या जाडजूड ग्रंथाच्या हजारो प्रती फाडून त्यांचा चुरा करावा, त्यात रद्दीच्या दुकानातला सगळा कागद मिसळावा आणि मग मूळ ग्रंथ जुळवायला बसावे, तसे हे काम. कारण दातातून निघणाऱ्या डीएनएमध्ये मोठा वाटा मातीतल्या जंतूंचा, थोडा खुद्द त्या माणसाचा आणि रोगजंतूचा अगदी किंचित असतो.

शिवाय भेसळीची भीती. दात उकरणाऱ्याची शिंक, धुणाऱ्याचा हात, प्रयोगशाळेतली धूळ, सगळ्यांत ताजा, धडधाकट डीएनए असतो आणि तपासणीत जुन्याच्या आधी तोच वर येतो. या क्षेत्राने त्यापायी सुरुवातीला चांगलीच फजिती करून घेतली आहे. १९८४ साली क्वागा या झेब्र्याच्या नामशेष जातीच्या, संग्रहालयात ठेवलेल्या कातड्यातून २२९ अक्षरे वाचली गेली. ते काम खरे होते आणि त्याने सगळ्यांना उभारी दिली. पण दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, आठ कोटी वर्षांपूर्वीच्या हाडातून, बहुधा डायनोसॉरच्या, डीएनए मिळाल्याचा गाजावाजा झाला. नीट तपासल्यावर तो माणसाचा निघाला.

प्लेगच्या बाबतीतही असेच झाले. १९९८ आणि २००० मध्ये एका फ्रेंच गटाने दक्षिण फ्रान्समधल्या जुन्या दफनांतल्या दातांच्या गरात प्लेगचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. दुसऱ्या एका गटाने युरोपात ठिकठिकाणच्या प्लेगच्या समजल्या जाणाऱ्या दफनांतल्या साठहून अधिक सांगाड्यांचे शंभराहून अधिक दात तपासले आणि २००४ मध्ये सांगितले, की आम्हाला एकातही काही सापडले नाही. दोन्ही बाजू वर्षानुवर्षे भांडत राहिल्या. रोज रक्ताचे अहवाल पाहणाऱ्याला या भांडणातली मेख लगेच कळेल: निगेटिव्ह अहवाल म्हणजे रोग नाही असे नव्हे, आणि पॉझिटिव्ह अहवालाला किंमत येते ती नमुना दूषित नव्हता याची खात्री असेल तरच.

ती खात्री कुठून आली, हा या शास्त्रातला सर्वांत सुंदर भाग आहे. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिन हे अक्षर, तुकड्याच्या टोकाला उघडे पडले की, पाण्याच्या संपर्काने हळूहळू बदलते आणि वाचन करणारे यंत्र त्याला थायमिन समजते. म्हणजे जुन्या तुकड्यांच्या टोकांना ठरावीक प्रकारच्या ‘चुका’ साचतात. कालच्या शिंकेतल्या डीएनएमध्ये त्या नसतात. जी झीज इतकी वर्षे संशोधकांची डोकेदुखी होती, तीच अस्सलपणाची मोहर ठरली. स्वांते पाबो यांना २०२२ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले ते निअँडरथल मानवाच्या डीएनएसाठी. पण जुना डीएनए कसा हाताळावा आणि त्याच्यावर विश्वास कधी ठेवावा, याची शिस्त घालून देण्यातही त्यांचा वाटा मोठा आहे.

दुसरी युक्ती गळ टाकण्याची. आजच्या प्लेगच्या जंतूचा मजकूर ठाऊक आहे. त्याच्याशी जुळणारे छोटे कृत्रिम धागे बनवून दातातल्या द्रवात सोडले की प्लेगचे तुकडे त्यांना चिकटतात. बाकीची माती धुऊन टाकता येते. ट्युबिंगनचे योहानेस क्राउझ आणि कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाचे हेंड्रिक पॉयनार यांच्या गटांनी हे तंत्र ईस्ट स्मिथफील्डच्या दातांवर वापरले. चार माणसांच्या पाच दातांतून २०११ साली काळ्या मृत्यूच्या जंतूचा जवळजवळ पूर्ण मजकूर जुळला. तो यर्सिनिया पेस्टिस होता. १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर यर्सिन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला, तोच प्लेगचा जंतू. वाद मिटला.

पण खरे आश्चर्य पुढे होते. साडेसहाशे वर्षांपूर्वीचा मजकूर आणि आजच्या एका प्रमाण नमुन्याचा मजकूर शेजारी ठेवला, तेव्हा ४६ लाखांत फक्त ९७ अक्षरांचा फरक निघाला. मध्ययुगातल्या जंतूत एकही असा खास बदल नव्हता, जो नंतरच्या किंवा जवळच्या वंशात कुठेच सापडत नाही. निम्मा युरोप मारणाऱ्या जंतूकडे एखादे वेगळे हत्यार असेल या अपेक्षेने सगळे बसले होते. तसे काहीच नव्हते.

जंतू जवळजवळ तोच, मग एकदा निम्मा खंड संपतो आणि आज एखाद्या देशात काही डझन रोगी निघून साथ विझते, असे का? उत्तर जंतूबाहेर शोधावे लागते. त्याच ईस्ट स्मिथफील्डच्या हाडांचा शॅरन डेविट यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. त्यांना असे दिसले, की काळ्या मृत्यूने सरसकट सगळ्यांना सारखे उचलले नाही. ज्यांच्या हाडांवर आधीच्या आजारपणाच्या आणि उपासमारीच्या खुणा होत्या, त्यांचा मरण्याचा धोका अधिक होता. साथीच्या आधीच्या पिढीने, १३१५ ते १३१७ च्या दरम्यान, उत्तर युरोपात मोठा दुष्काळ पाहिला होता.

मुंबईचे चित्र याहून फार वेगळे नव्हते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी रोग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची कोठारे, त्यांत उंदीर, आणि त्यांना लागून दाटीवाटीच्या, उजेड-वारा नसलेल्या खोल्या. जंतूंच्या वंशावळीत पाहिले, तर हाँगकाँगमार्गे जगभर पसरलेली ती शाखा काळ्या मृत्यूच्या जंतूच्याच फांदीवर पुढे फुटलेली आहे. लंडनच्या चरांतल्या आणि मुंबईच्या चाळींतल्या मृत्यूंचे हे नाते दातांतल्या डीएनएशिवाय कधी कळले नसते. पुण्यात त्या साथीत रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, त्या याच शाखेच्या जंतूने.

वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत लस बनवून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. प्रतिजैविके यायला मात्र अजून जवळपास अर्धशतक होते. आज स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन अशी स्वस्त औषधे आहेत. उपचार नसतील तर गाठीच्या प्लेगमध्ये शंभरातले तीस ते साठ रोगी दगावतात आणि फुप्फुसाच्या प्लेगमध्ये जवळजवळ सगळे. २०१७ साली मादागास्करमध्ये फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, तेव्हा २४०० च्या आसपास संशयित व निश्चित रोगी नोंदले गेले आणि दोनशेहून अधिक मृत्यू झाले. मृत्यू याच्या कितीतरी पटींनी वाढू शकले असते. अडवले ते वेळेवर मिळालेल्या गोळ्यांनी आणि घरोघर जाऊन रोग्यांच्या सहवासातली माणसे शोधणाऱ्या कार्यकर्त्यांनी. जंतू काही मवाळ झाला नव्हता.

मग तो वेग? मुंबईच्या नोंदींशी न जुळणारा काळ्या मृत्यूचा वेग अजून पुरता उलगडलेला नाही. माणसाच्या अंगावरच्या पिसवा आणि कपड्यांतल्या उवा यांनीही रोग पसरवला असावा, असे २०१८ मधल्या एका गणिती अभ्यासाने सुचवले. दातातला डीएनए कोण मेले आणि कोणत्या जंतूने, एवढे सांगतो. कुणाच्या चाव्याने, हे त्यात लिहिलेले नसते.

साथ कुठून निघाली, याचा धागा मात्र सापडला आहे. किर्गिझस्तानातल्या इस्सिक-कुल सरोवराच्या परिसरात सिरियाक लिपीतले थडग्यांचे दगड आहेत. इतिहासकार फिलिप स्लाविन यांच्या लक्षात आले, की तारीख असलेल्या ४६७ दगडांपैकी ११८ दगड १३३८ आणि १३३९ या दोनच वर्षांचे आहेत आणि त्यांतल्या काहींवर मृत्यूचे कारण ‘मरी’ असे कोरलेले आहे. १८८० च्या दशकात उकरलेले तिथले सांगाडे सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात जपून ठेवले होते. सात जणांचे दात तपासले. तिघांत प्लेगचा जंतू मिळाला. २०२२ साली जाहीर झालेल्या या मजकुराचे स्थान वंशावळीत नेमके त्या जागी येते, जिथून एकाएकी चार फांद्या फुटतात आणि त्यांतली एक युरोपात काळा मृत्यू घेऊन जाते.

याच वर्षी आणखी एक बातमी गाजली, की काळ्या मृत्यूतून वाचलेल्यांत ईआरएपी-२ नावाच्या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार अधिक होता आणि तोच प्रकार आज क्रोन या आतड्यांच्या आजाराशी जोडलेला आहे. पूर्वजांना तारणारे जनुक वंशजांना छळते, ही कल्पना मोहक आहे. पण नंतर केंब्रिजच्या परिसरातल्या मध्ययुगीन सांगाड्यांत तसा बदल आढळला नाही आणि मूळ आकडेमोडीवरही गंभीर आक्षेप आले. हा निष्कर्ष तूर्त पक्का धरू नये हे बरे.

काळ्या मृत्यूच्याही फार मागे गेले तर दात आणखी चकित करतात. युरोप आणि आशियातल्या कांस्ययुगीन १०१ माणसांच्या तपासणीत सात जणांत प्लेगचा डीएनए सापडला, हे २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांतले सर्वांत जुने नमुने सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे. पण त्या जुन्या जंतूंत वायएमटी हे जनुक नव्हते. या जनुकामुळे जंतू पिसवेच्या पोटात तग धरतो. ते नसेल तर उंदीर-पिसू-माणूस ही साखळी नीट चालत नाही. रशियातल्या समारा भागातल्या ३८०० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत मात्र ते जनुक सापडले आहे. पण ते नसलेला जुना वंशही त्यानंतर बराच काळ टिकला आणि दूर दूर पसरला. पिसवेशिवाय तो पसरत कसा होता? २०२५ मध्ये उरल पर्वताच्या दक्षिणेकडच्या अर्काइम या ठिकाणच्या चार हजार वर्षांपूर्वीच्या एका पाळीव मेंढीच्या अवशेषांत त्याच जुन्या वंशाचा प्लेग आढळला. मेंढपाळांना तो आपल्या कळपातून मिळत असावा, ही शक्यता त्यामुळे पहिल्यांदा हाताला लागली आहे. एकाच मेंढीवरून यापलीकडे काही बोलता येत नाही.

या सगळ्या कथेत लंडन, फ्रान्स, किर्गिझस्तान, रशिया आहे. जिथे गेल्या सव्वाशे वर्षांत प्लेगने सर्वाधिक माणसे मारली, तो भारत जवळजवळ नाही. याचे कारण हवामान. चितेच्या उष्णतेत डीएनए उरत नाही, आणि जिथे दफन होते तिथे मातीची ऊब आणि पावसाळ्याची ओल त्याचा फडशा पाडते. हरियाणातल्या राखीगढी इथल्या हडप्पाकालीन दफनभूमीचा अनुभव बोलका आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे नीरज राय आणि हार्वर्डचा गट यांनी २०१९ साली जे प्रसिद्ध केले, त्यासाठी ६१ नमुने तपासले गेले. अस्सल डीएनए मिळाला तो एकाच स्त्रीचा, तोही आतल्या कानाभोवतीच्या अतिशय घट्ट हाडातून. शंभराहून अधिक वेळा प्रयत्न केल्यावर, बारा लाखांच्या आसपास जागांपैकी ३१ हजारांच्या थोड्या वरच जागा वाचता आल्या. तिच्या पूर्वजांविषयी बोलायला तेवढे पुरले. पण एखाद्या रोगजंतूचा पूर्ण मजकूर जुळवायला याहून बराच अधिक माल हाताशी लागतो.

म्हणून जुन्या रोगांचा आजचा नकाशा थंड प्रदेशांकडे झुकलेला आहे, आणि तो पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते. शिवाय प्रत्येक तपासणीत दात किंवा हाड थोडे खर्ची पडते. एकदा पूड केलेला गर परत मिळत नाही. ईस्ट स्मिथफील्डसारखे सातशे सांगाडे हाताशी असतील तर हे परवडते. राखीगढीसारख्या ठिकाणी कोणत्या हाडाला ड्रिल लावायचे आणि कोणते उद्याच्या अधिक चांगल्या यंत्रासाठी तसेच ठेवायचे, हे आधी ठरवावे लागते.